व्ही-स्ट्रॉम ६५० ला बाहेरून क्रूझ कंट्रोल बसवायचं का, आणि बसवायचं तर कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० एक्सटी आहे, पुणे-बेंगळुरू नेहमीचं जाणंयेणं आहे, बेळगाव ओलांडलं की उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागतात, आणि एका दुकानदाराने कारचं व्हॅक्यूमवालं क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला स्पीड आपोआप धरून ठेवणारं यंत्र, अर्ध्या दिवसात बसवून देतो म्हणून सांगितलंय. तर ते बसवावं, की थ्रॉटल लॉकवर, म्हणजे रेसचा ग्रिप जागेवर धरून ठेवणाऱ्या साध्या वस्तूवर, भागेल?

आधी सरळ उत्तर देतो. या गाडीला क्रूझ कंट्रोल बसतं आणि चांगलं चालतं, कारण हिचा थ्रॉटल (इंजिनची रेस कमीजास्त करणारी झडप) केबलवर आहे, म्हणजे ओढायला काहीतरी आहे. पण अर्ध्या दिवसात होत नाही. अर्ध्या दिवसात जे होतं ते म्हणजे स्पीड धरून ठेवणं, आणि ते या सगळ्या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. खरं काम आहे ते सोडण्याचं. ब्रेकला नुसतं बोट लागलं, क्लच दाबला, किल स्विच मारला, वायर तुटली, फ्यूज उडाला, पाणी गेलं, काहीही झालं तरी थ्रॉटल त्या क्षणी आपोआप बंद झाला पाहिजे. कारमध्ये थोडं उशिरा सुटलं तर माणूस घाबरतो आणि ब्रेक मारतो, मोटरसायकलवर वळणात उशिरा सुटलं तर गाडी बाहेर जाते. म्हणून मी फिटिंग करताना आधी सोडायची सगळी वायरिंग करतो, ती तपासतो, आणि मगच थ्रॉटलला हात लावतो. तुमचा दुकानदार नेमकं उलट करणार असेल तर त्याच्याकडे गाडी देऊ नका.

आता बोटांचं बघा, कारण कदाचित तुम्हाला क्रूझची गरजच नसेल. कुठली बोटं बधिर होतात ते नीट आठवा. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं बोट असेल तर मनगट वाकलेलं राहतंय आणि तिथली मधली नस दबतेय, म्हणजे हँडल फिरवून किंवा राइझर (हँडल उंच करणारे तुकडे) लावून मनगट सरळ करायचं, ब्रेक लिव्हर जरा खाली करायचा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूवर भार येतोय, तिथे ग्रिप जाड करून किंवा ग्लोव्ह बदलून फरक पडतो. थ्रॉटल केबल किती जड चालतेय तेही बघा, बऱ्याच गाड्यांची केबल कंपनीतून आल्यापासून एकदाही साफ केलेली नसते, ती साफ करून, रूटिंग सरळ करून, फ्री प्ले (ग्रिपची मोकळी हालचाल) दोन-तीन एमएमवर आणला की निम्मी तक्रार तिथेच मिटते. आणि गाडीवरून उतरून दोन दिवस झाले तरी रात्री झोपेत हात बधिर होत असेल तर मेकॅनिक सोडा, डॉक्टरकडे जा.

एवढं करूनही त्रास राहिला तर पुढचा स्वस्त उपाय थ्रॉटल लॉक. दक्षिण आफ्रिकेचं काओको, अमेरिकेचं अ‍ॅटलस, ही चांगली नावं आहेत. पण ते क्रूझ नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. ते फक्त ग्रिप जिथे आहे तिथे घासून धरतं. चढ आला की स्पीड पडतो, उतार आला की वाढतो, निपाणीजवळच्या तवंदीच्या घाटात उतरताना ते लावून बसलात तर न कळत शंभरला पोचाल. ब्रेक दाबल्यावर ते सुटत नाही, हाताने ग्रिप पुढे फिरवूनच सोडावं लागतं. म्हणून लॉक घेताना एकच कसोटी लावा, दोन बोटांच्या जोराने ग्रिप बंद होतो का. होत असेल तर ठीक, सरळ मोकळ्या रस्त्यावर दोन मिनिटं हात झटकायला पुरेसं आहे आणि पुष्कळ लोकांचं तेवढ्यावर भागतं. ग्रिप पूर्ण जाम करणारे स्वस्त चिमटे मिळतात, ते फुकट मिळाले तरी लावू नका.

क्रूझच हवं असेल तर केबलच्या गाडीला दोन वाटा आहेत. एक, खास मोटरसायकलसाठी बनवलेलं किट. यात ऑस्ट्रेलियाच्या एमसीक्रूझचं काम मी सगळ्यात वर ठेवतो, मॉडेलप्रमाणे ब्रॅकेट, वायरिंगचे कनेक्टर आणि पानोपानी फोटो असलेलं पुस्तक येतं, फक्त कस्टम ड्यूटी धरून किंमत जड जाते. दुसरी वाट म्हणजे कारचं युनिवर्सल युनिट, ऑडिओव्हॉक्स सीसीएस-१०० सारखं, जे परदेशात टूरिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं मोटरसायकलला बसवलंय. तुमचा दुकानदार बहुतेक असलंच काहीतरी बसवणार आहे. वाईट नाही, पण ते कारसाठी बनलंय, त्याला मोटरसायकलला लायक करणं हे फिटरचं काम आहे आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

व्हॅक्यूम युनिट काम कसं करतं ते आधी समजून घ्या म्हणजे फिटरशी बोलता येईल. एका डब्यात रबरी पडदा असतो, इंजिनच्या व्हॅक्यूमने तो ओढला जातो आणि त्याला जोडलेली केबल, टोकाला मण्यांची साखळी लावलेली, थ्रॉटल ओढते. व्हॅक्यूम किती आत घ्यायचा, किती बाहेरची हवा सोडायची हे छोटे सोलेनॉइड वॉल्व, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपा, ठरवतात. यातला एक डंप वॉल्व असतो, तो करंट नसताना उघडा असतो. करंट आहे तोवर बंद, करंट गेला की उघडतो, हवा आत येते, पडदा ढिला पडतो आणि थ्रॉटलची स्प्रिंग थ्रॉटल बंद करते. म्हणजे बिघाड झाला तर सोडायचं हे त्याच्या रचनेतच आहे. हीच गोष्ट मोटरवाल्या इलेक्ट्रिक युनिटमध्ये चुंबकाच्या क्लचने साधलेली असते, करंट गेला की क्लच सुटतो. म्हणून युनिट जुनं घेत असाल तर आधी हातात धरून, करंट न देता, साखळी ओढून सोडून बघा, कुठेही न अडकता परत गेली पाहिजे.

आता ब्रेकची वायरिंग. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच चुकीच्या केलेल्या येतात.

युनिटमधून दोन वायरी ब्रेक लाइटच्या स्विचकडे जातात. सीसीएस-१०० मध्ये लाल वायर स्विचच्या कायम करंट असलेल्या बाजूला आणि जांभळी वायर दिव्याच्या बाजूला. डंप वॉल्वला करंट लालमधून मिळतो आणि त्याची परतीची वाट जांभळ्या वायरीतून, ब्रेक लाइटच्या बल्बच्या फिलामेंटमधून अर्थला जाते. बल्ब पेटत नाही कारण करंट अगदी थोडा असतो. तुम्ही ब्रेक दाबला की जांभळ्या वायरीवर पण बारा व्होल्ट येतात, दोन्हीकडे सारखेच व्होल्ट झाले की वॉल्वमधून करंट वाहायचा थांबतो आणि तो उघडतो. यात कुठलाही प्रोग्रॅम नाही, चिप हँग झाली तरी ब्रेक दाबल्यावर सुटणारच. फार सुंदर रचना आहे ही.

पण आता बहुतेक गाड्यांना मागे एलईडी असते. एलईडीमधून तशी परतीची वाट मिळत नाही, म्हणून युनिट बसवल्यावर क्रूझ लागतच नाही. मग फिटर काय करतो, जांभळी वायर सरळ अर्थला मारतो. क्रूझ लगेच लागतं, गिऱ्हाईक खूश, आणि ब्रेकने सुटायची मुख्य वाटच कायमची बंद झाली. गाडी ताब्यात घेताना तुम्हाला कळणार पण नाही कारण क्लच दाबला, बटण दाबलं तर ते सुटतं. त्यामुळे हे स्वतः विचारा आणि वायर कुठे गेलीय ते डोळ्याने बघा.

बरोबर उपाय दोन आहेत. एक रिलेचा, म्हणजे करंटवर पलटणाऱ्या स्विचचा: ब्रेक नसताना जांभळी वायर रिलेमधून अर्थला, ब्रेक दाबला की रिले पलटतो आणि तिच्यावर बारा व्होल्ट येतात. पुष्कळ लोक हाच करतात, चालतो. मला मात्र तो पसंत नाही, कारण रिलेची कॉइल गेली किंवा कॉन्टॅक्ट चिकटला तर क्रूझ लागलेलं राहील आणि ब्रेकने सुटणार नाही. मी रेझिस्टर लावतो. ब्रेक लाइटच्या वायरीपासून अर्थपर्यंत साधारण १० ओहमचा, ॲल्युमिनियमच्या कव्हरचा. बल्बचं काम तो करतो. त्यात हलणारं काही नाही, आणि त्याची वायर तुटली तर क्रूझ नुसतं लागायचं बंद होतं, म्हणजे बिघाड झाला तरी सुरक्षित बाजूला. ब्रेक दाबलेला असताना त्यातून साधारण १.४ अँपिअर जातो म्हणजे २० वॅटच्या आसपास उष्णता, त्यामुळे ५० वॅटचा घ्यायचा आणि सबफ्रेमच्या पत्र्याला बोल्टने कसायचा, सीटखाली वायरींच्या गठ्ठ्यात मोकळा सोडायचा नाही, सिग्नलला ब्रेक धरून उभे राहिलात तर चांगला चटका बसेल इतका तापतो.

पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक स्विच तपासायचे. मागच्या पेडलचा स्विच स्प्रिंगवर असतो आणि त्याचा नट फिरवून तो आधी-नंतर करता येतो, तो असा लावायचा की पाय नुसता टेकला, पॅड अजून डिस्कला धरलेसुद्धा नाहीत, तेवढ्यात दिवा लागला पाहिजे. घाटात पुढचा ब्रेक हलका धरून ठेवायची सवय असेल तर पुढचा स्विचही तसाच हलका हवा. जुन्या गाडीत पुढच्या लिव्हरचा स्विच धूळ बसून दहातून दोनदा लागत नाही, तो क्रूझ बसवायच्या आधी बदला, तिथे काटकसर नको.

क्लचचं वेगळं कारण आहे. क्रूझ चालू असताना तुम्ही क्लच दाबला की इंजिनवरचा भार एकदम जातो, गाडीचा स्पीड पडायला लागतो, आणि युनिटला वाटतं अजून रेस द्यावी. इंजिन लाल रेषेपर्यंत ओरडतं. युनिटला आरपीएमचा सिग्नल जोडला असेल तर ते ही उडी ओळखून सोडतं, पण मी त्यावर विसंबत नाही, लिव्हरच्या स्विचवर एक रिले टाकून क्लच दाबताच लाल वायरीचा करंटच तोडतो. व्ही-स्ट्रॉमला क्लच स्विच आधीच आहे, स्टार्टरसाठी असतो तो, वेगळा लावावा लागत नाही.

आता थ्रॉटलची जोडणी. या गाडीत थ्रॉटल बॉडी दोन सिलिंडरच्या मध्ये बसलेली आहे, टाकी उचलून एअरबॉक्स काढल्याशिवाय दिसतही नाही. म्हणून अर्धा दिवस म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. केबल जिथे गुंडाळते त्या ड्रमला युनिटची साखळी जोडायची असते, आणि ती अशी की क्रूझने ओढलं तर ड्रम फिरावा पण तुम्ही हाताने रेस दिली तर साखळी ड्रमबरोबर ओढली जाऊ नये, नुसती ढिली पडावी. आणि इथेच जीवघेणी गोष्ट लपलेली आहे. ती ढिली पडलेली साखळी लोंबते. ओव्हरटेकला तुम्ही पूर्ण रेस दिलीत, साखळीचा लोंबता वळसा ड्रम आणि ब्रॅकेटच्या फटीत गेला, आणि तुम्ही रेस सोडली तर थ्रॉटल तिथेच अडकून राहतो. क्रूझ चालूसुद्धा नसताना. म्हणून साखळी कधीच मोकळी ठेवायची नाही, शेवटचा भाग सरळ नळीतून सरकेल असा मार्ग करायचा. मी एक छोटा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट आणि पितळी बुश लेथवर करून घेतो, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरमध्ये नुसतं कागदावर चित्र काढून दिलं तरी असं काम होतं, पुण्यात भोसरीकडे होईल. बुशच्या कडा गोल करून घ्या नाहीतर केबलचे तंतू तुटतात. थ्रॉटल पूर्ण बंद असताना साखळीत दोन-तीन एमएम ढिलाई हवीच, नाहीतर आयडलच बसणार नाही.

ज्यांना एअरबॉक्सखाली हे सगळं करायचं नसेल त्यांच्यासाठी वरच्या वर जोडायची पद्धत आहे, ग्रिपची केबल एका छोट्या डब्यात येते, क्रूझची पण तिथेच येते, आणि डब्यातून एकच केबल थ्रॉटल बॉडीला जाते. तयार किटमध्ये पुष्कळदा असंच असतं. ते जास्त स्वच्छ काम आहे पण केबल नव्या लांबीच्या कराव्या लागतात.

व्हॅक्यूम घेताना एक काळजी. प्रेशर सेन्सरला जाणाऱ्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकू नका, सेन्सरला चुकीचं रीडिंग गेलं की पेट्रोलचं गणित बिघडतं आणि मग आयडल वरखाली, धूर, मायलेज असल्या तक्रारी सुरू होतात. थ्रॉटल बॉडी सिंक करताना, म्हणजे दोन्ही सिलिंडरचं ओढणं सारखं करताना, ज्या निपलवर गेज लावतात तिथून घ्या, आणि दोन्ही सिलिंडरमधून घेत असाल तर प्रत्येकाला स्वतंत्र चेक वॉल्व (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावा, नाहीतर दोन्ही सिलिंडर नळीतून एकमेकांना जोडले जातात आणि सिंकिंग गेलंच म्हणून समजा. ट्विन इंजिनचा व्हॅक्यूम झटक्याझटक्याने येतो आणि चढाला, मागे बायको, तीन बॉक्स भरलेले, अशा वेळी थ्रॉटल जास्त उघडा असतो तेव्हा तो उरतच नाही, म्हणून मध्ये साठवणीची टाकी हवी. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी कॅप लावून अर्धा ते एक लिटरचा डबा केला की पुरतो. नळी मात्र व्हॅक्यूमचीच वापरा, पेट्रोलची मऊ नळी गरम झाली की चपटी होते.

स्पीडचा सिग्नल कुठून घ्यायचा यावर लोक फार हलगर्जीपणा करतात. पुढच्या चाकावरून घेऊ नका. कारण सांगतो. ओल्या रस्त्यावर किंवा सांडलेल्या डिझेलवर मागचं चाक जागेवर फिरायला लागलं तर पुढचं चाक हळू होतं, युनिटला वाटतं स्पीड पडला, ते अजून रेस देतं, आणि चाक अजून जोरात सरकतं. मागच्या चाकावरून सिग्नल घेतला तर चाक सरकल्यावर स्पीड वाढल्यासारखा दिसतो आणि युनिट रेस कमी करतं. एवढाच फरक, पण तो पडण्या-न-पडण्यातला आहे. आणि एबीएसच्या सेन्सरच्या वायरीला कुणालाही हात लावू देऊ नका, "तिथूनच पल्स मिळतात की" असं म्हणणारा भेटेल. तो अगदी बारीक सिग्नल असतो, त्यावर दुसऱ्या युनिटचा भार पडला की एबीएसचा दिवा लागतो आणि एबीएस बंद होतं.

मी चुंबक आणि पिकअप (चुंबक समोरून गेला की पल्स देणारा सेन्सर) लावतो, चेनच्या बाजूला, स्प्रॉकेटच्या कॅरियरवर, म्हणजे एबीएसच्या रिंगपासून लांब. व्ही-स्ट्रॉमचा मागचा टायर १५०/७० आर १७ आहे, एका फेरीत साधारण दोन मीटर जातो, म्हणजे मैलाला जवळपास ८०० फेऱ्या. युनिटवरच्या डिप स्विचला (सेटिंगच्या छोट्या खटक्यांना) मैलामागे किती पल्स ते सांगायचं असतं, तर पाच चुंबक सारख्या अंतरावर लावले की ४००० च्या जवळ जाता. अंतर सारखं हवं, नाहीतर सरळ रस्त्यावर गाडी गचके खाते. चिकटवायच्या आधी चेनचं ऑइल थिनरने पूर्ण काढा, एपॉक्सी लावून रात्रभर ठेवा. आणि चेन टाइट करताना चाक मागे सरकतं हे विसरू नका, स्विंगआर्मवर बसवलेल्या पिकअपचं अंतर तेव्हा बदलतं, म्हणून ब्रॅकेटला लांब खोबण ठेवायची आणि दर वेळी चेन ओढली की अंतर परत लावायचं.

वायरिंगचं बाकी साधंच. इग्निशनवर चालणारा रिले, ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ, अर्थ फ्रेमला नाही तर बॅटरीच्या मायनसला, थिंबल नीट दाबलेले, हीटश्रिंक, आणि जोड सगळे तोंड खाली करून म्हणजे पाणी निथळेल. आपल्याकडचा पाऊस काय असतो हे ऑस्ट्रेलियाच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. आंबोलीत जुलैमध्ये एक दिवस फिरलेली गाडी उघडून बघा, कनेक्टरमध्ये पाणी उभं असतं. कंट्रोलचं बटण डाव्या अंगठ्याला सहज लागेल पण हॉर्नच्या जागी जाणार नाही असं लावा.

तपासणी. गाडी बंद असताना हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा आणि प्रत्येक जागी ग्रिप उघडून सोडा, खट्‌ आवाज करून बंद झालाच पाहिजे. मग इंजिन चालू करून परत हँडल फिरवा, आयडल जरासुद्धा वाढलं तर केबल ओढली जातेय, रूटिंग बदला. मग हातपंपाने व्हॅक्यूम द्या, युनिटला करंट नसताना थ्रॉटल हलता कामा नये. मल्टिमीटर लावून पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, क्लच, किल स्विच, चावी, एकेक करून करंट तुटतो का ते बघा, आणि तुम्ही स्वतः शेजारी उभे राहून बघा. मेन स्टँडवर इंजिन चालू करून, गिअर टाकून क्रूझ लावून बघू नका, पुष्कळ फिटर गिऱ्हाइकाला दाखवायला तेच करतात. चाकावर भारच नसतो, युनिटने जरा ओढलं की चाक कुठल्या कुठे जातं, त्यातून कळत काहीच नाही आणि धोका मात्र खरा असतो.

रस्त्यावर पहिली ट्रायल सकाळी, कोरड्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नको. बरीचशी युनिटं पन्नासच्या खाली लागतच नाहीत, तर सत्तरला वरच्या गिअरमध्ये लावा आणि पुढच्या मिनिटाभरात आधी सोडूनच बघा, एकदा पुढच्या ब्रेकने, एकदा मागच्या, एकदा क्लचने. गाडी झुलायला लागली, म्हणजे स्पीड चार-पाचने वरखाली होत राहिला, तर सेन्सिटिव्हिटी कमी करा. ही युनिटं दीड टनाच्या कारसाठी लावलेली असतात आणि तुमची गाडी २१६ किलोची, त्यामुळे सगळ्यात कमी सेटिंगच लागतं. तरी झुलत असेल तर साखळीतली ढिलाई जास्त आहे किंवा व्हॅक्यूमची नळी कुठेतरी गळतेय.

वापरायचं कुठे हेही बोलायला हवं कारण आपल्या रस्त्यावर क्रूझ सतत लावायची गोष्ट नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे जे रस्ते क्रूझसाठीच बनलेत ते आपल्याला नाहीतच. पुण्याहून निघून सातारा, कराड, कागलपर्यंत डायव्हर्जन आणि कामं, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, त्यातल्या निम्म्यांना मागे रिफ्लेक्टरसुद्धा नसतो आणि काही उलट्या बाजूने येतात. तिथे क्रूझ नको, रात्री तर अजिबात नको. हुबळीच्या पुढे, चित्रदुर्गाच्या पवनचक्क्यांपर्यंत, तिथे मात्र मोकळे पट्टे मिळतात आणि मनगटाला खरी विश्रांती मिळते. लावलेलं असतानाही दोन बोटं ब्रेकवर, आणि उजवा हात हँडलवरच. घाटात, पावसात, गावाच्या हद्दीत बंद. रिझ्यूमच्या बटणाबद्दल खास सांगतो, टोल नाक्यावरून तीसच्या स्पीडने बाहेर पडताना ते दाबू नका, युनिट आधीच्या ऐंशीला जायला जोरात रेस ओढतं आणि पुढे एसटी असते. आधी हाताने स्पीड घ्या, मग दाबा. लिमिटही लक्षात घ्या, चौपदरी दुभाजकवाल्या रस्त्यावर केंद्राने २०१८ मध्ये दुचाकीला जास्तीत जास्त ८० ची मर्यादा ठरवलेली आहे, तेवढ्यालाच सेट करा.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख आरसीवरच्या नोंदींशी न जुळणाऱ्या बदलांवर आहे, क्रूझने इंजिन, रंग, सीट यातलं काही बदलत नाही. पण विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा, आणि गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबलेलं बरं.

ज्यांच्या गाड्या राइड-बाय-वायर आहेत, हिमालयन ४५० सारख्या, त्यांनी वरचं काहीही करू नये. तिथे केबल नाही, ग्रिपमध्ये दोन सेन्सर असतात आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही ताडून बघतो. मॉडेलसाठी तपासून बनवलेलं मॉड्यूल मिळत असेल तरच, नाहीतर थ्रॉटल लॉकवर भागवा. नवीनच घेणार असाल तर टीव्हीएस अपाचे आरटीआर ३१० सारख्या गाड्यांना आता कंपनीचंच क्रूझ मिळतं, त्यापुढे बाहेरचं काहीही कमीच.

तर तुमच्या दुकानदाराला जाऊन तीन गोष्टी विचारा. जांभळी वायर कुठे जोडणार, स्पीडचा सिग्नल कुठल्या चाकावरून घेणार, आणि हाताने पूर्ण रेस दिल्यावर साखळीची ढिलाई कुठे जाणार. तिन्हीची उत्तरं न अडखळता आली तर गाडी ठेवा, आणि दोन दिवस द्या त्याला, घाई करू नका. बसवून झाल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरला टाकी परत उचलून साखळीचा हूक, बुश आणि ब्रॅकेटचे बोल्ट बघून घ्या, बोल्टला लॉकटाइट लावलंय का तेही बघा, आणि पुढे दर सर्व्हिसला चेक वॉल्व आणि नळ्या हाताने दाबून बघायच्या, उन्हाने कडक होऊन तडकल्या असतील तर लगेच बदलायच्या.